ट्रॉलीचे टायर-डिस्क बदलायचेत? आधी चाकावरचं वजन काढा, मग दुकानात जा

प्रश्न थोडक्यात असा: केज तालुक्यातली चारचाकी ट्रॉली. हंगामात ऊस, बाकीच्या वर्षात सोयाबीन, शेणखत, मुरूम. चारही चाकांना ट्रकवरून उतरलेले नऊशे-वीस (९.००-२०) मापाचे टायर. त्यातले दोन फुटले, एका डिस्कला (टायरच्या मधलं, बोल्टने बसणारं लोखंडी चाक) बोल्टच्या भोकापाशी तडा गेलाय. दुकानदार त्याहून मोठ्या हजार-वीसचे (१०.००-२०) चार जुने टायर डिस्कसकट उक्ते द्यायला तयार आहे. ते घ्यावेत, नवे घ्यावेत, की रिमोल्ड, म्हणजे घासलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेले?

तो उक्ता सौदा जसाच्या तसा घेऊ नका. डिस्क आणि टायर वेगवेगळे तपासा, वेगवेगळे भाव करा. पैसे कमी असतील तर ज्या धुऱ्यावर जास्त वजन येतं त्याला दोन नवे टायर घाला आणि दुसऱ्या धुऱ्याला चांगल्या केसिंगवरचे (नक्षीखालच्या मूळ सांगाड्यावरचे) रिमोल्ड. चारही जुने घेण्यापेक्षा हे बरं. पण हा निर्णय दुकानात उभं राहून घ्यायचा नाही, वजनकाट्यावर घ्यायचा.

कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन तुम्हाला माहीत असतंच. एकदा जरा वेगळं करा. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची पुढची चाकं काट्याच्या बाहेर जाऊ द्या, फक्त मागची दोन चाकं काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. कारखान्यात गर्दीमुळे जमत नसेल तर मोंढ्याजवळच्या खाजगी काट्यावर करा. काट्याच्या आजूबाजूची जागा सपाट हवी, उतारावर आकडा चुकतो. समजा भरलेली ट्रॉली १२,००० किलो आणि मागचा धुरा ६,६०० किलो आला. म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर ३,३०० किलो. पुढच्या चाकांवर २,७०० च. उसाची मोळी मागे बाहेर काढून रचली की हा फरक आणखी वाढतो. त्यात आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता, ट्रॉली कायम डाव्या बाजूने चालते, म्हणून डावं मागचं चाक त्यातलंही जास्त ओझं घेतं. डावा मागचा टायर नेहमी आधी जात असेल तर दोष टायर कंपनीचा नाही.

आता हा ३,३०० चा आकडा टायरच्या बगलेवर काय लिहिलंय त्याच्याशी ताडून बघा. तिथे १४६/१४३ असे दोन आकडे तिरक्या रेघेने छापलेले असतात. हा भार निर्देशांक. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा ट्रकच्या मागे असतात तशा जोडचाकांसाठी. ट्रॉलीला एकेरी चाक, म्हणून पहिला धरायचा. १२२ म्हणजे १,५०० किलो, १३० म्हणजे १,९००, १३५ म्हणजे २,१८०, १४० म्हणजे २,५००, १४६ म्हणजे ३,०००. नऊशे-वीस १४ प्लायचा टायर साधारण १४० च्या घरात येतो, हजार-वीस १६ प्लायचा १४६ च्या. हे आकडे ट्रकच्या वेगाचे आहेत. ट्रॅक्टरच्या २०-२५ किलोमीटरच्या वेगाला कंपन्यांच्या तक्त्यात काही टक्के जादा वजनाची सूट मिळते. तरी तुमच्या उदाहरणात नऊशे-वीस टायर ३२ टक्के जादा ओझं वाहतोय, म्हणजे सगळी सूट खाऊन बसलाय. एक खड्डा, थोडी कमी हवा, एप्रिलचं ऊन, यातलं काहीही एक पुरेसं होतं. हजार-वीसला तेच ओझं फक्त १० टक्के जादा पडतं आणि तेवढं कमी वेगात चालून जातं. म्हणून टायर मोठा करायची कल्पना मुळात बरोबर आहे. फक्त त्यामुळे ट्रॉलीची क्षमता वाढत नाही. धुरा, बेअरिंग, पाटे आणि हूक तेच राहतात, नोंदणी पुस्तकातलं एकूण वजनही तेच. टायर मोठे झाले म्हणून आणखी दोन टन भरायचे असतील तर पुढचा खर्च धुऱ्याचा असेल.

१६ प्लाय म्हणजे आत १६ थर आहेत असं समजू नका. ती ताकदीची श्रेणी आहे. ‘अठरा प्लाय आहे, काय बी होत नाही’ असं दुकानात कुणी म्हणालं तर बगलेवरचा भार निर्देशांक वाचून दाखवायला सांगा. तो आकडा घासून काढलेला असेल तर तो टायर घ्यायचाच नाही.

नऊशे-वीसच्या जागी हजार-वीस बसवताना मोजायच्या गोष्टी फार नाहीत, पण चुकल्या तर महाग पडतात. नऊशे-वीसचा बाहेरचा व्यास साधारण १,०१८ मिलिमीटर, हजार-वीसचा १,०५० च्या पुढे. म्हणजे ट्रॉली दीड-पावणेदोन सेंटीमीटर उचलली जाते. चारही चाकं एकाच मापाची केली तर त्याने काही बिघडत नाही. नुसती मागची मोठी केलीत तर हौद पुढे झुकतो, पुढच्या धुऱ्यावर आणि फिरत्या टेबलावर (पुढचा धुरा ज्यावर वळतो ती गोल तबकडी) वजन सरकतं. हजार-वीस रुंदही जास्त. त्यामुळे पुढचा धुरा टेबलावर पूर्ण वळवून बघा, टायर चेसीच्या चॅनलला कुठे घासतो का. रिकाम्या ट्रॉलीला मोकळं दिसलं तरी भरल्यावर पाटे दबतात, म्हणून वरच्या बाजूला निदान चार बोटं जागा राहिली पाहिजे.

दुसरं म्हणजे रिमची रुंदी. नऊशे-वीसला ७.०० इंची रिम लागते, हजार-वीसला ७.५०. दोन्ही ‘वीस’च्याच, म्हणून टायर चढतो, दिसतोही बरा. पण अरुंद रिमवर टायरच्या बगला आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो, माथा मधेच घासतो आणि काठ रिमवर नीट बसत नाही. रिमवर माप कोरलेलं असतं. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि वाचा. वाचता येत नसेल तर दोन्ही काठांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ७.५० म्हणजे १९० मिलिमीटर. बाहेरून बाहेर मोजलंत तर माप जास्त येतं आणि फसगत होते.

तुमच्या ट्रॉलीला जोड ट्रॉली असेल तर तिचंही माप आत्ताच ठरवा. आठही चाकं एकाच मापाची आणि एकाच भोकांची असली की एक स्टेपनी दोन्हीला चालते. पुढची ट्रॉली हजार-वीस, मागची नऊशे-वीस, आणि स्टेपनी तिसऱ्याच भोकांची, असा संसार रात्री मांजरसुंब्याच्या घाटात रडवतो.

आता डिस्क. लोक टायरवर तासभर घालवतात आणि डिस्क दोन मिनिटांत बघतात, खरं तर उलटं हवं. खराब टायर बसतो तरी, चुकीची डिस्क बोल्ट तोडते.

‘दहा भोकांची आहे, बसते’ यावर विश्वास ठेवू नका. दहा भोकांच्या डिस्क वेगवेगळ्या वर्तुळाच्या येतात. सध्याच्या ट्रकांना सर्रास ३३५ मिलिमीटरचं वर्तुळ आणि मधलं भोक २८१ मिलिमीटर असतं. जुन्या बनावटीत दहाच भोकं पण २८५.७५ चं वर्तुळ सापडतं. आठ भोकांची डिस्क बहुधा २७५ ची, मधे २२१. मोजायची पद्धत सोपी आहे: सम भोकं असतील तर एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत पट्टी लावा, तेच वर्तुळाचं माप. पाच भोकं असतील तर समोर भोक नसतं. मग शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजून १.७ ने गुणा. हबवरच्या (धुऱ्याच्या टोकाचा फिरता भाग, डिस्क त्यावरच बसते) बोल्टांचंही असंच माप घ्या. दुकानात जाताना पट्टी, हबची ही मापं लिहिलेला कागद आणि एक जुना नट खिशात ठेवा.

नट का? कारण नटाची बसक वेगवेगळी असते. काही नट पुढे निमुळते शंकूसारखे असतात, काही गोलाईचे, काही सपाट फिरत्या वायसरचे. डिस्कच्या भोकाची कड त्याच आकाराची हवी. शंकूचा नट गोलाईच्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेघेवर. चार-सहा खेपांत तो ढिला पडतो, डिस्क हबवर हलते, भोक लांबट होतं, आणि मग भोकापासून तडा निघतो. तुमच्या डिस्कचा तडा बहुतेक याच वाटेने आलाय. नटाखालून गंजाचे तपकिरी ओघळ उतरलेले दिसले तर तो नट ढिला आहे किंवा होता, असं समजायचं. जुनी डिस्क विकत घेताना हेच ओघळ शोधा. आणि डिस्कला नुकताच चकचकीत रंग मारलेला असेल तर भोकांभोवतीचा रंग खरवडून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर सोडून द्या.

तडा डोळ्याला दिसत नाही तेव्हा रॉकेल किंवा डिझेल आणि खडू वापरा. भोकांभोवतीची आणि डिस्क-रिमच्या जोडाभोवतीची जागा ब्रशने साफ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, फडक्याने कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर एक बारीक काळसर रेघ उमटते. ती रेघ दिसली की ती डिस्क भंगारात. वेल्डिंग करून घेऊ नका. भोकाजवळची वेल्डिंग शेजारचं पोलाद कडक आणि ठिसूळ करते, नवा तडा त्याच्याच कडेने पडतो. आणि टायर चढवलेला असताना तर रिमला वेल्डिंगची ज्योत लावायचीच नाही, हवा सोडलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून वायू होतो, आतल्या आत पेट घेतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

डिस्कची खोली हाही एक मुद्दा. ट्रकची डिस्क खोलगट असते. खोलगट बाजू आत की बाहेर, यावर चाक धुऱ्यापासून किती बाहेर जातं ते ठरतं. रुंद दिसते म्हणून चाकं बाहेर काढून बसवणारे बरेच आहेत. तसं केलं की वजन दोन बेअरिंगांच्या मधे न पडता बाहेरच्या छोट्या बेअरिंगवर पडतं आणि धुऱ्याचं टोक हळूहळू वाकतं. मग टायर आतल्या बाजूने घासायला लागतात आणि माणूस पुन्हा टायरवाल्याला शिव्या देतो. टायरचा मध्य दोन बेअरिंगांच्या दरम्यान येईल अशीच डिस्क बसवा.

जुना टायर घ्यायचा तर काय बघायचं? आधी हे लक्षात घ्या की ट्रॉलीचा टायर घासून क्वचितच संपतो. वर्षातले चार-पाच महिने चालतो, उरलेले उन्हात उभा राहतो. तो म्हातारा होऊन, कापला जाऊन किंवा ओझ्याने फुटून जातो. म्हणून नक्षी किती उरली त्यापेक्षा टायर किती जुना हे महत्त्वाचं. बगलेवर लंबगोलात शेवटचे चार आकडे असतात: ३२२१ म्हणजे २०२१ सालातला ३२ वा आठवडा. नक्षी निम्मी शिल्लक आणि वय तीन वर्षं, हा टायर घेण्यासारखा. नक्षी भरपूर आणि वय आठ वर्षं, हा नाही. नक्षीच्या खाचांत बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर तिथपर्यंत आलं की टायर गोटा झाला समजा. कुणी खाचा पुन्हा कोरून खोल केल्या असतील तर खाचेच्या तळाशी कापाच्या ताज्या कडा दिसतात, कधी आतले धागेही.

मग टायर उभा करून आत हात घाला. आतल्या बाजूने पूर्ण फेरी मारा. पॅच, सुरकुतलेला पट्टा, सुटलेला धागा हाताला लागतो. कमी हवेवर चाललेल्या टायरच्या बगलेच्या आत सगळीकडे काळी पूड आणि खरखरीत वर्तुळ असतं. असा टायर बाहेरून कितीही चांगला दिसला तरी आतून भाजलेला असतो. काठाची तार उघडी पडलीय का, गंजलीय का ते बघा. गंजलेल्या तारेचा टायर हवा भरतानाच तुटू शकतो. बगलेवर ओल्या फडक्याने पुसून उन्हात तिरकं बघा. फुगवटा किंवा लाटा दिसल्या तर नको.

इथे एक अडचण आहे. ट्रक आता बहुतांश रेडियलवर गेलेत, म्हणून जुन्या बाजारात नायलॉन (नायलॉन धाग्यांचे) कमी आणि रेडियल (पोलादी तारांचे) जास्त सापडतात. रेडियल ओझ्याला आणि डांबरी रस्त्याला चांगला, पण त्याची बगल पातळ. आपल्या भागात शेतात शिरताना तुरीची खुंटं, पऱ्हाटीची धसकटं आणि वेड्या बाभळीचे काटे असतात. तुरीचं खुंट कोयत्याने तिरकं छाटलेलं असतं आणि वाळल्यावर खिळ्यासारखं होतं. नायलॉनचा जाड माथा आणि बगल ते जास्त सोसतात. शिवाय कमी हवेवर चाललेल्या रेडियलच्या बगलेतल्या पोलादी तारा एकामागून एक थकून तुटतात आणि हवा भरताना बगल चेन उघडावी तशी एका रेघेत फाटते. बाहेरून आधी काही दिसतही नाही. म्हणून इतिहास माहीत नसलेला जुना रेडियल मी सुचवत नाही. घ्यायचाच असेल तर एका धुऱ्यावर एक नायलॉन आणि एक रेडियल असं करू नका. बगला वेगवेगळ्या दबतात आणि ट्रॉली एका अंगावर ओढते. टायरवर मापात आडवी रेघ असली, म्हणजे १०.००-२०, तर तो नायलॉन. रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ असला तर रेडियल.

रिमोल्डबद्दल लोक उगीच घाबरतात. ट्रॉलीचं चाक ओढलं जातं, स्वतः ओढत नाही आणि वळवतही नाही, त्यामुळे रिमोल्डला याहून सोपी जागा नाही. पण अट केसिंगची. तुमच्याच टायरचं केसिंग, ज्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, ते देऊन रिमोल्ड करून घेणं सगळ्यात चांगलं. तुमच्या न फुटलेल्या दोन टायरांचा पुढच्या धुऱ्यासाठी असा विचार करता येईल, पण ते नऊशे-वीस आहेत, म्हणजे मागे हजार-वीस घातले तर मापं जुळणार नाहीत. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. ओझं कमी करून, म्हणजे मागच्या चाकावर २,५०० च्या आसपास आणून, चारही नऊशे-वीसच ठेवायचे. नाहीतर चारही हजार-वीस. मधला मार्ग नाही. पट्टी चिकटवून भट्टीत शिजवलेला रिमोल्ड आणि साच्यातला रिमोल्ड, दोन्ही चालतात. कडेला बोटाने दाबून जोड उकलतो का ते मात्र बघा.

नव्या टायरमध्ये नक्षी घेताना दुकानदार ‘लग’चा, म्हणजे कडेला जाड गुटके असलेला टायर पुढे करतो. तो ट्रकच्या ओढणाऱ्या धुऱ्याचा. ट्रॉलीला लांब सरळ पट्ट्यांचा रिब टायर घ्या. काळ्या रानात लग टायर गुटक्यांत चिखल घेऊन चालतो, डांबरीवर ती ढेकळं टाकत जातो, आणि ओढायला जड. नव्या टायरवर आयएसआयची खूण बघा, आणि तारीख नव्या टायरवरही बघाच. पोळ्यानंतर दसऱ्यापर्यंत हंगामाची खरेदी सुरू होते, तेव्हा दुकानाच्या मागच्या फळीवरचा जुना माल पुढे येतो. वर्षभरापेक्षा जुना ‘नवा’ टायर असेल तर भाव पाडून घ्या, तीन वर्षांचा असेल तर नको म्हणा.

बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्या, तो नसेल तर वॉरंटीचं बोलणं पुढे सरकत नाही. ओझ्याने फुटलेला टायर वॉरंटीत बसत नाही हेही धरून चाला. कराचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर ५ टक्के जीएसटी आहे आणि ट्रकच्या टायरवर १८. हजार-वीस हा ट्रकच्या मापाचा टायर असल्याने त्यावर १८ लागला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

टायर नवा तर ट्यूब नवी, फ्लॅपही (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवा. इथे पाचशे-सातशे वाचवणारा टायर घालवतो. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीवर ती कापते. जुना फ्लॅप कडेने कडक होऊन वर वळतो आणि ट्यूबला कुरतडतो. नऊशे-वीसची ट्यूब हजार-वीसला ताणून घालू नका, पातळ होते. ट्यूबला आणि टायरच्या आत शंखजिऱ्याची पूड हलक्या हाताने लावा. मूठभर ओतली तर ती एका जागी गोळा होऊन खडा बनतो. व्हॉल्व्ह डिस्कच्या खिडकीतून बाहेर येतो का, हवा भरायला नोझल लागतं का, हे ट्यूब घेतानाच पाहा, कारण वाकडा आणि सरळ असे दोन प्रकार मिळतात.

आता चढवणं. वीसच्या रिमला तीन भाग असतात, रिम, बाजूची रिंग आणि लॉक रिंग. तिन्ही एकाच बनावटीचे आणि मापाचे हवेत. भंगारातल्या वेगवेगळ्या रिंगा ठोकून बसवलेल्या असतील तर त्या सौद्यातून डिस्क बाद करा, मग टायर कितीही चांगले असोत. भरलेल्या हजार-वीसमधून सुटलेली रिंग माणूस मारते, ही अतिशयोक्ती नाही. गंजून पातळ झालेली, टोकं एकमेकांवर चढलेली किंवा जमिनीवर ठेवल्यावर डुगडुगणारी रिंग नको. हवा भरताना लोखंडी जाळी असलेलाच पंक्चरवाला शोधा. आधी १० पौंड हवा, मग थांबून रिंग पूर्ण गोलात खोबणीत बसली का ते बघायचं. कुठे वर उचललेली दिसली तर सगळी हवा सोडायची, व्हॉल्व्हची पिन काढायची, मग ठोकायची. हवा आत असताना रिंगवर हातोडा मारणाऱ्याला तिथेच थांबवा. पुढची हवा लांब नळीने, चिमट्याच्या नोझलने, आणि माणूस रिंगच्या समोर नाही, टायरच्या माथ्याच्या बाजूला उभा. खोलतानाही तसंच: पिन काढल्यावर व्हॉल्व्हमध्ये तार घालून आत चिखल अडकला नाही ना ते बघा, मगच रिंगला टॉमी लावा.

चाक उतरलंच आहे तर हबही उघडा. चाक जमिनीवरून उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खडखड आली तर बेअरिंग ढिलं आहे. जुनं ग्रीस डिझेलने धुवा, बेअरिंगच्या रोलरवर निळे डाग किंवा खड्डे दिसले तर बाहेरच्या कपासकट बदला. बेअरिंगचा नट आवळताना हब फिरवत राहा, हब जड झाला की नट पाव फेरी मागे घ्या आणि नवी खिटी घाला. सील दर वेळी नवं.

डिस्क हबवर बसण्याआधी दोन्हीचे पृष्ठभाग ब्रशने धातूपर्यंत साफ करा. रंगाचा जाड थर, ग्रीस किंवा माती मधे राहिली तर ती दोन दिवसांत दबते आणि नट आपोआप ढिले होतात. नट समोरासमोर आवळायचे, गोलात एकामागून एक नाही. २२ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ६०० न्यूटन-मीटर लागतो, म्हणजे एक मीटर लांब आडव्या पान्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस शांतपणे उभा राहिला की झालं. २० मिलिमीटरच्या बोल्टला ४० किलोचा जोर पुरे. पाइप लावून दोघांनी उड्या मारल्या तर बोल्ट ताणला जातो आणि भर रस्त्यात तुटतो. काही जुन्या हबांना डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात, बोल्टच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेला दिसतो. तो न बघता ‘जाम झालाय’ म्हणून आट्या मोडणारे खूप. पहिली भरलेली खेप, साधारण ५० किलोमीटर, झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळा आणि १५० किलोमीटरनंतर परत एकदा. रिकामी फिरवून आवळलं तर त्याचा उपयोग नाही.

हवा हजार-वीसला शंभर पौंडांच्या वरच लागते, नेमका आकडा बगलेवर सर्वाधिक वजनासमोर लिहिलेला असतो. गावातला कॉम्प्रेसर ऐंशीला बंद होत असेल तर तिथे भरून चालणार नाही. स्वतःचा गेज घ्या, हवा सकाळी थंड टायरात तपासा. दुपारी चालून आल्यावर पाच-दहा पौंड वाढलेली दिसते, ती सोडायची नाही. तीच सोडली की संध्याकाळी टायर कमी हवेवर चालतो, बगल जास्त मोडते, आणखी तापते. फुटलेल्या टायरांपैकी ज्यांच्या बगलेत गोल फेर धरून फाटलंय ते असेच गेलेले असतात. माथ्यावर किंवा बगलेवर एकाच जागी अधिकच्या खुणेसारखं फाटलं असेल तर तो दगडाचा किंवा खड्ड्याचा मार. तुमच्या दोन टायरांचं फाटणं कोणतं आहे ते टाकून देण्याआधी बघून ठेवा, नव्यांचं काय होणार ते त्यावरून कळतं.

हंगाम संपल्यावर ट्रॉली धुऱ्याखाली ओंडके लावून उचलून ठेवा, टायर जमिनीला टेकायला नकोत, आणि उन्हाच्या बाजूने बारदान टाका. ते जमत नसेल तर निदान हवा पूर्ण ठेवून महिन्यातून एकदा ट्रॉली हात-दोन हात सरकवा. ट्रॉलीसोबत दोन बाभळीचे ठोकळे, जॅकखाली ठेवायला जाड फळी (काळ्या रानात जॅक सरळ खाली जातो), पाना आणि स्टेपनी असूच द्या. भरलेली ट्रॉली रस्त्यावर उचलायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका, धुऱ्याखाली ओंडका सरकवा. आणि चाकाला अडवायला लावलेले दगड निघताना रस्त्यातून काढा. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.